मुलाण्याच्या दारात मेंढरं

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास आमच्या गल्लीत एक 'छोटा हत्ती' येऊन थांबला. त्यात पाच मेंढ्या आणि एक मेंढा होता. फळी खाली टाकली तरी एकही मेंढरू उतरेना. शेवटी ड्रायव्हरनं एका मेंढीला मागचे पाय धरून खाली ओढलं, तशा बाकीच्या आपोआप तिच्यामागं उड्या मारत उतरल्या. गल्लीतली पोरं जमली. समोरच्या ओट्यावरचे तात्या उठून आले, मेंढ्यांकडं बघितलं आणि विचारलं, "मुलाणी, काय कार्य काढलंय? सहा-सहा मेंढरं?"

मी म्हणालो, "कार्य नाही तात्या. पाळायला आणलीत."

तात्या हसले. त्यांच्या हसण्यात कसलाही वाईट हेतू नव्हता. लहानपणापासून मला ओळखणारा माणूस. पण त्यांना ते खरं वाटलं नाही, हे स्पष्ट दिसत होतं. मुलाण्याच्या दारात मेंढरू येतं ते कशासाठी, हे गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं.

त्याच दिवशी दुपारी रस्त्यात दोन पोरांनी टेम्पो थांबवला होता. ती तात्यांना ओळखत नव्हती आणि मलाही. त्यांनी आधी माझी दाढी बघितली, मग मागं डोकावून जनावरं बघितली, मग पावती मागितली. पावती होती. मेंढ्या आहेत हे बघून "जा" म्हणाले. पण त्यांचाही प्रश्न तोच होता : "कुठं कापायला चालवलीत?"

एकाच दिवसात दोनदा तोच प्रश्न. तात्यांच्या प्रश्नात जवळीक होती, त्या पोरांच्या प्रश्नात धाक होता. हा फरक कसा पडला, याचा विचार करत मी त्या रात्री गोठ्यापाशी बसून राहिलो. हा लेख त्या विचारातून आला आहे.

सुरीचं वतन

आमचं आडनाव मुलाणी. पश्चिम महाराष्ट्रात जवळपास प्रत्येक मोठ्या गावात एखादं तरी मुलाण्याचं घर असतं. त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' हे पुस्तक १९१५ साली प्रसिद्ध झालं. जुन्या गावाची रचना समजून घ्यायची तर आजही त्याला पर्याय नाही. गावच्या बलुतेदारांमध्ये सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव यांच्याबरोबर मुलाणीही येतो. गावोगावी यादी थोडी बदलते, पण मुलाणी बहुतेक ठिकाणी आहे. मशिदीची दिवाबत्ती, पिराची सेवा, मयत-निकाहाची कामं हा त्याच्या कामाचा एक भाग. दुसरा भाग म्हणजे सुरी. गावात बकरं किंवा मेंढरू कापायचं असेल तर ते मुलाण्यानं 'बिस्मिल्ला' म्हणून हलाल करायचं.

ही प्रथा फक्त मुसलमानांसाठी नव्हती, हे मुद्दाम सांगायला हवं. मराठ्यांच्या घरचं कार्य असो, देवाची जत्रा असो की पिराची कंदुरी असो, मुलाण्यानं सुरी फिरवल्याशिवाय अनेक घरांत मटण शिजत नसे. कंदुरी करणारे बहुतेक लोक हिंदूच असत. नवस बोलायचे ते, बकरं आणायचे ते, जेवायला सगळा गाव. मुलाण्याला त्यातला ठरलेला वाटा मिळे, आणि सुगीला खळ्यावर धान्याचं बलुतं.

माझ्या आजोबांनी हे काम केलं. मी त्यांना या कामावर जाताना लहानपणी पाहिलंय. सुरी नेहमी धोतराच्या सोग्यात झाकलेली. जनावरासमोर ती कधी बाहेर काढायची नाही, त्याच्यासमोर धार लावायची नाही, एका जनावरासमोर दुसरं कापायचं नाही. आधी पाणी पाजायचं. हे नियम हदीसमध्ये आलेले आहेत. आजोबांना अरबी वाचता येत नव्हतं, पण हे नियम त्यांच्या हातात बसलेले होते. 'जनावराला दोनदा मारू नये', असं ते म्हणायचे. म्हणजे एकदा भीतीनं आणि एकदा सुरीनं.

बलुतं हळूहळू गेलं. गावाच्या उपयोगी पडणाऱ्या चाकरीची इनामं रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५३ मध्ये झाला. पण कायद्याच्याही आधी पैशानं ते काम सुरू केलं होतं. धान्याऐवजी रोकड आली, तालुक्याच्या गावाला मटणाची दुकानं झाली. अब्बांनी सुरी हातात घेतली नाही. ते एसटीत मेकॅनिक झाले. मी मास्तर झालो. घरात सुरी राहिली ती फक्त बकरी ईदपुरती. आडनाव मात्र राहिलं, आणि आडनावाबरोबर लोकांच्या मनातलं चित्रही.

काठीची बाजू

मेंढ्या मी लोणंदच्या बाजारातून आणल्या. फलटण-खंडाळा पट्ट्यात मेंढरांचा बाजार म्हटलं की लोणंदचंच नाव निघतं. भाव उघड बोलले जात नाहीत. दलाल रुमालाखाली हात घालतो, बोटं दाबतो, मान हलवतो आणि सौदा होतो. मला त्यातलं काही कळत नव्हतं. सोबत आमच्या शेजारच्या वाडीवरचे एक वयस्कर धनगर होते. त्यांना सगळे आबा म्हणतात. आबांनी प्रत्येक मेंढीचा जबडा उघडून दात पाहिले. दोनदाती कोणती, चारदाती कोणती, कोणत्या मेंढीचे दात झिजलेत. मग कास चाचपली, खूर उचलून पाहिले, शेपटाखालची लोकर पाहिली. तिथं घाण चिकटलेली असेल तर जनावर हगवणीचं. पंधरा मेंढ्या नाकारून त्यांनी पाच निवडल्या.

परतताना आबा म्हणाले, "मुलाण्या, तुझ्या आज्ज्यानं माझ्या बापाची लई मेंढरं कापली. पण त्याला मेंढरू कळत नव्हतं."

मला ते लागलं. मग कळलं, ते खरंच होतं. आजोबांची आणि मेंढराची गाठ पाच-दहा मिनिटांची. आबांची गाठ पाच-सात वर्षांची.

आमच्याकडची मेंढी म्हणजे दख्खनी. बहुतेक काळी, अंगानं सडसडीत, लोकर राठ. महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणाच्या कोरड्या पठारावर ती सगळीकडे दिसते. जत तालुक्यातली माडग्याळ ही तिच्याहून उंच, वाकड्या नाकाची. दख्खनी मेंढीचं खरं भांडवल म्हणजे तिचे पाय. ती चालते, आणि कमी चाऱ्यावर तगते. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे घोड्यांवर बिऱ्हाड लादून कोकणाकडे उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परत पठारावर येतात. कारण मुसळधार पावसात आणि चिखलात ही मेंढी टिकत नाही, तिचे खूर सडतात. वाटेत शेतकरी त्यांना रानात मेंढ्या बसवायला सांगतात. रात्रभर मेंढ्या वाघरीत बसल्या की लेंडी आणि मूत थेट जमिनीत मुरतं. त्याबदल्यात धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. वर्षातून दोनदा लोकर कातरायची. ती सनगराकडं जायची आणि तिची घोंगडी व्हायची.

म्हणजे एकाच मेंढीवर किती घरं चालत होती, ते पाहा. धनगर पाळायचा, शेतकऱ्याला खत मिळायचं, सनगर विणायचा, मुलाणी हलाल करायचा, खाटीक विकायचा, चांभाराला आणि ढोराला कातडं मिळायचं. यात हिंदू होते, मुसलमान होते. ती बरोबरीची व्यवस्था अजिबात नव्हती. जातीची उतरंड तिच्यात पुरेपूर होती आणि तिचं गोडवं गायचं मला कारण नाही. पण त्या साखळीतल्या प्रत्येकाला दुसऱ्याचं काम माहीत होतं. तात्यांच्या प्रश्नात जी जवळीक होती, ती तिथून आलेली. रस्त्यातल्या पोरांनी ती साखळी कधी पाहिलीच नाही. त्यांना फक्त शेवटची कडी दाखवली गेली आहे, सुरीची.

गडाला मेंढपाळाचं नाव

दख्खनच्या मुसलमानांचा इतिहास आपण फार करून तख्तावरून सांगतो. बहमनी, निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाही. पण त्या इतिहासाच्या ऐन मध्यभागी मेंढपाळ उभा आहे. कुतुबशहांची राजधानी गोवळकोंडा. हे नाव तेलुगूतल्या 'गोल्ल' आणि 'कोंडा' या शब्दांवरून आलं, म्हणजे गुराख्या-मेंढपाळाची टेकडी. १५१८ पासून १६८७ पर्यंत सुलतान आले आणि गेले, हिऱ्यांच्या व्यापारानं शहराचं नाव युरोपात पोचलं, पण टेकडीचं नाव मेंढपाळाचंच राहिलं.

आपल्याकडे मल्हारराव होळकर हे धनगराचं पोर. पुढं माळव्याचा सुभेदार झाला. अहिल्यादेवी त्याच घराण्याच्या सूनबाई. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकानं आयुष्याची कितीतरी वर्षं धनगरांच्या वाड्यांवर, बिरोबा-म्हस्कोबा-खंडोबाच्या जत्रांत घालवली. त्याच्या आणि रा. चिं. ढेरे यांच्या अभ्यासामुळे महाराष्ट्रातली मोठी दैवतं धनगर-गवळ्यांच्या वाटेनं आली, हे आपल्याला नीट कळलं. याच खंडोबाला लोकपरंपरेत 'मल्लूखान' हेही नाव आहे. मेंढरांच्या वाटेवर देवाला खान म्हणायला कोणाला अडचण वाटली नाही.

आणि आमच्या बाजूला काय आहे? पैगंबरसाहेबांनी स्वतः लहानपणी शेळ्या-मेंढ्या राखल्या. दाई हलीमा यांच्या कबिल्यात, आणि पुढे मक्केच्या लोकांची जनावरं काही किरातांच्या मजुरीवर. मेंढरं राखली नाहीत असा एकही पैगंबर झाला नाही, असं त्यांनी सांगितल्याचं बुखारीच्या संग्रहात आलं आहे. हजरत मूसा मिसरमधून पळून मदयनला गेले, तेव्हा तिथल्या एका वृद्धाकडं आठ-दहा वर्षांच्या करारावर चाकरीला राहिले. पुढे त्यांच्या हातातल्या काठीबद्दल विचारणा झाली, तेव्हा त्यांनी सांगितलेल्या कामांत मेंढरांसाठी पाला झोडणं हेही होतं. हे आम्ही मदरशात पाठ केलेलं. पण पाठ करणं वेगळं आणि दुपारी दीड वाजता बाभळीच्या शेंगा झोडणं वेगळं. बकरी ईद आम्हाला सुरीची आठवण करून देते. काठीची आठवण करून देणारा सण आमच्याकडे नाही.

कलकत्ता, सिडनी आणि फलटण

मेंढ्या आणल्यावर मी वाचायला लागलो, आणि एका कहाणीनं मला थक्क केलं. ऑस्ट्रेलियात इंग्रजांची पहिली वसाहत १७८८ ला झाली. मेंढ्यांचा हा देश, पण तिथं मुळात एकही मेंढी नव्हती. सुरुवातीच्या लहान लहान कळपांत आफ्रिकेच्या केप प्रांतातल्या मेंढ्या होत्या, आणि बंगालच्या. १७९२ आणि १७९३ मध्ये कलकत्त्याहून जहाजांनी मेंढ्या सिडनीला गेल्या. जॉन मॅकआर्थर नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं कलकत्त्याच्या साठ मेंढ्या घेऊन आपला कळप सुरू केला होता. मऊ लोकरीच्या मेरिनो मेंढ्या तिथं पोचल्या त्या १७९७ ला. नंतर मेरिनोचं नाव झालं. बंगालच्या मेंढीला सगळे विसरले.

पण रक्त विसरत नाही. ऑस्ट्रेलियात 'बुरूला' नावाच्या ठिकाणच्या मेरिनो कळपात मेंढ्या जुळी-तिळी देत. मेरिनोच्या मानानं हे नवल होतं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या सरकारी संशोधन संस्थेनं त्यांचा अभ्यास हाती घेतला. २००१ मध्ये त्यामागचा जनुकीय बदल नेमका सापडला. आणि पुढच्याच वर्षी दिसून आलं की हाच बदल सुंदरबनातल्या 'गरोळ' मेंढीत आहे. दहा-पंधरा किलो वजनाची, गुडघाभर पाण्यात चरणारी, गरीब शेतकऱ्याच्या दारातली छोटीशी मेंढी. कलकत्त्याहून गेलेल्या मेंढ्यांनी दोनशे वर्षं तो गुण परदेशात जपून ठेवला होता.

यात महाराष्ट्राचा धागा आहे, आणि तो आमच्याजवळच आहे. फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था. बनबिहारी निंबकर यांनी ती १९६८ मध्ये सुरू केली. त्यांच्या पत्नी जाई निंबकर म्हणजे इरावती कर्वे यांच्या कन्या. या संस्थेनं गरोळ मेंढ्या बंगालमधून फलटणला आणल्या आणि तो जुळ्यांचा गुण दख्खनी मेंढीत उतरवला. त्यातून 'नारी सुवर्णा' हा वाण तयार झाला. दख्खनी मेंढी साधारण एकच कोकरू देते. या वाणाच्या मेंढ्या बरेचदा जुळं देतात. सुंदरबनाची मेंढी माणदेशाच्या कडेला येऊन दख्खनची झाली.

माझा मेंढा या वाणाच्या रक्ताचा आहे, असं विकणारा म्हणाला. बाजारातल्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा, हा भाग वेगळा. आबांना हे सगळं सांगितलं तर त्यांनी एकच प्रश्न विचारला : "दोन कोकरं झाली, दूध दोघांना पुरंल का?" संशोधकांनाही तोच प्रश्न सोडवावा लागतो. जुळ्यांना जादा खुराक आणि निवारा लागतो. वाडा घेऊन फिरणाऱ्या धनगराला ते दरवेळी जमत नाही. घरी बांधून पाळणाऱ्याला जमतं.

पहिला पावसाळा

माझ्या पहिल्या पावसाळ्यात एक मेंढी गेली. पहिला चांगला पाऊस झाला, बांधावर कोवळं लुसलुशीत गवत आलं, आणि मी हौसेनं त्यांना पोटभर चारलं. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्यात धष्टपुष्ट मेंढी आडवी पडलेली, मान मागं ताणलेली. तासाभरात संपली. आंत्रविषार. या रोगाचे जंतू मेंढीच्या आतड्यात एरवीही असतात. एकदम कोवळा चारा भरपूर पोटात गेला की ते वाढतात आणि विष सोडतात. पावसाळ्याआधी लस टोचली की धोका बराच टळतो. लस मी टोचली नव्हती. "पुढच्या आठवड्यात" म्हणून राहिली. चूक सर्वस्वी माझी.

आबा आले, बघितलं, काही बोलले नाहीत. मेलेलं जनावर आम्हाला हराम. खड्डा खणून, चुना टाकून पुरली. आमच्या खानदानात मेंढरासाठी खड्डा खणणारा मी पहिलाच असेन. खणताना आजोबांचं वाक्य आठवलं. 'दोनदा मारू नये.' मी तर तिला निष्काळजीपणानं मारली होती. सुरीला निदान नियम असतात.

त्यानंतर वही केली. लस कोणती कधी, जंताचं औषध कधी, कोणती मेंढी कधी फळली, कधी व्याली. गाभणकाळ पाच महिन्यांचा, म्हणजे तारीख काढून ठेवता येते. आज माझ्याकडं अकरा जनावरं आहेत. त्यात दोन जुळी.

सरकारची राजे यशवंतराव होळकर महामेष योजना आहे. २० मेंढ्या आणि १ मेंढा, ७५ टक्के अनुदान. ती धनगर आणि तत्सम भटक्या जमातींसाठी आहे, आणि ते योग्यच आहे. वर्षानुवर्षं ज्यांची चराऊ रानं वनीकरणात, बागायतीत आणि प्लॉटिंगमध्ये गेली, त्यांचा पहिला हक्क आहे. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ ची. त्यात दुष्काळानं वाडी ओस पडते. आज दुष्काळ नसतानाही वाड्या ओस पडताहेत. लोकरीला तर गिऱ्हाईकच नाही. माझ्या मेंढ्यांची कातरलेली लोकर पोत्यात भरून पडली आहे. सनगराच्या घरातली पोरंही आता दुसऱ्या कामाला लागलीत.

पण गावातल्या मुसलमान घरांना मी एवढंच सांगेन. खाटकाचा, मुलाण्याचा धंदा आपल्याला माहीत आहे. बाजार माहीत आहे, ईदची मागणी माहीत आहे. साखळीची शेवटची कडी हातात असताना पहिली कडी आपण कधी धरली नाही. पाच मेंढ्यांनी सुरुवात होते. धनगराला गुरू करा, त्याच्या पोटावर पाय देऊ नका, आणि लस चुकवू नका.

गेल्या बकरी ईदला मी माझ्या कळपातलाच एक मेंढा कुर्बान केला. सव्वा वर्षं त्याला हातानं चारलं होतं. कुर्बानीच्या जनावराशी माया जडलेली असावी, असं आलिम सांगायचे. ते वाक्य आयुष्यभर ऐकलं होतं. त्या सकाळी सुरी झाकून नेताना माझा हात पहिल्यांदाच थरथरला. आजोबांचा थरथरायचा का, हे विचारायला आता ते नाहीत.

परवा तात्या आले होते. म्हणाले, "मुलाणी, वरच्या पट्टीत दोन रात्री मेंढरं बसवतोस का? यंदा कांदा करायचाय."

अकरा मेंढरांनी पट्टी काय खतणार! पण मी वाघर खांद्यावर टाकली आणि निघालो.